उलट्या बाणाचे थोरवत साहेब

थोरवत साहेबांना लग्नाची पत्रिका द्यायची असेल तर दोन द्याव्यात, असा आमच्या ऑफिसात अलिखित नियम होता. एक वाचायला आणि एक पाठीमागं गोल काढायला. एकच दिली तर ते ती लगेच उलटी करत, खिशातलं निळं पेन काढत, कोऱ्या बाजूवर चार गोल काढत, गोलांतून बाण सोडत आणि पत्रिका फाईलला लावून टाकत. मग लग्न कधी आणि कुठं हे कुणाला आठवणार? लॅबमधल्या एका मुलीच्या लग्नाला ते नेमके एक आठवडा उशिरा पोचले. रिकाम्या कार्यालयात झाडलोट चालली होती. आहेराचा स्टीलचा डबा वॉचमनच्या हातात देऊन परत आले आणि म्हणाले, "गर्दी न्हवती. बरं वाटलं."

हे आमचे सांख्यिकी सहायक. सांगलीतल्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी होते आणि औषधं मिळतात, तिथं ते आकडे सांभाळत आणि मी माणसं. मी समुपदेशक आहे. माहेर कराडचं, नोकरी सांगलीत. माझं काम ऐकण्याचं. दिवसभर इतकं ऐकावं लागतं की घरी गेल्यावर कुणी नुसतं "ऐकलंस का?" म्हणालं तरी दमायला होतं. त्यात लोक भेटले की विचारतात, "काय करता?" मी सांगते. मग ते आश्चर्यानं म्हणतात, "अजून आहे होय ते?" आहे. रोज सकाळी बाकावर बसलेलं असतं. पण बातम्यांतून गेलं की लोकांना वाटतं गावातूनही गेलं.

तर ते चार गोल. नव्या माणसाला थोरवत साहेब ते पहिल्या पाच मिनिटांत समजावत. पहिल्या गोलात ज्यांना लागण नाही ती माणसं. दुसऱ्यात लागण आहे पण स्वतःला ठाऊक नाही अशी. तिसऱ्यात ठाऊक आहे पण गोळ्या चालू नाहीत. चौथ्यात गोळ्या नेमानं चालू आणि विषाणू इतका दबलेला की रक्तात मोजता येत नाही. "आता बघा," ते पेनानं टोचत म्हणत, "या चौथ्यातनं पहिल्याकडं बाण न्हाई. नवरा-बायको एका घरात सुखानं नांदू द्या, लागण जात न्हाई. म्हंजे करायचं काय? समद्यांना चौथ्यात आणून बसवायचं. हाय का अवघड?"

एवढं साधं गणित जगाला का कळत नाही, या विचारानं ते कायम दमलेले असत.

या सगळ्याला गणिती मॉडेल म्हणतात. कुठल्याशा तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्यांचं दुसऱ्या कशातच लक्ष लागलं नाही. कॉलेजात गणित घेतलेलं होतं, पुढचं त्यांनी स्वतः घोकलं. गावी, शिराळ्याच्या बाजूला, त्यांच्या भावानं अभिमानानं सांगितलं की आमचा दादा सांगलीत मॉडेलिंग करतो. त्यावर चुलतीनं विचारलं, "ह्या वयात? कसल्या कापडाचं रं?" हा किस्सा साहेब स्वतःच सांगत. न हसता.

गावाचा दुसरा किस्साही ते असाच सांगत. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी गेले, तेव्हा वहिनीनं त्यांचं फुलपात्र वेगळं ठेवलं. हात लावल्यानं, पाणी प्यायल्यानं काही होत नाही हे सांगायला त्यांनी चुलीपुढच्या राखेत गोल काढले. वहिनीनं राख पुसली आणि म्हणाली, "भावजी, तुमी म्हणताय तसंच असंल. पण फुलपात्र तेवढं ऱ्हाऊ द्या." त्यानंतर त्यांचं गावाकडं जाणं कमी झालं. लग्न तर केलंच नव्हतं. का, असं विचारलं की म्हणत, "आकडेमोडीत ऱ्हाऊन गेलं."

त्यांचं आणखी एक पालुपद होतं: "एकापेक्षा कमी." एक लागण झालेला माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा एकाच्या वर असला तर साथ वाढते, खाली आला तर हळूहळू विझते. हे खरंच आहे. पण साहेब हे सगळीकडं लावत. ऑफिसात बदलीची कुजबूज सुरू झाली की मान वर न करता विचारत, "तुमी किती जणांना सांगितलं, मॅडम?"

"दोघींना."

"दोन. वाढणार ही."

आणि संध्याकाळपर्यंत खरोखर तालुक्याच्या दवाखान्यातून फोन यायचे.

डिसेंबरातल्या एड्स दिनाच्या रॅलीशी मात्र त्यांचं हाडवैर. दर वर्षी फलक रंगवायचे, कॉलेजची मुलं गोळा करायची, घोषणा द्यायच्या, फोटो काढायचे. नियोजनाच्या बैठकीत थोरवत साहेब हात वर करत. मोठे साहेब, म्हणजे आमचे प्रमुख डॉक्टर, डोळे मिटत.

"बोला, थोरवत."

"रॅली कुठल्या गोलातनं कुठल्या गोलात जाती, साहेब?"

"जनजागृती असते ती."

"व्हय. पण बाण कुठला?"

मोठे साहेब भले गृहस्थ. त्यांनाही वरून फोटो मागितलेले असत. ते म्हणत, "थोरवत, तुम्ही फलक धरू नका, बस?" आणि थोरवत साहेब खरंच धरत नसत. रॅलीच्या शेवटी हात मागं बांधून, आपण यांच्यातले नाही अशा चेहऱ्यानं चालत.

त्यांचा सगळा जीव अडकला होता तो एका वेगळ्याच बाणात. चौथ्या गोलातून मागं तिसऱ्यात येणारा बाण. गोळ्या सुरू झालेली माणसं मधेच सोडतात, तो. "उलटा बाण" म्हणत ते त्याला. आमचे सगळे कार्यक्रम पुढच्या बाणांचे. शिबिरं घ्या, तपासण्या करा, नवीन माणसं शोधा. नवीन सापडलं की अहवालात चांगलं दिसतं. जुनं निसटलं की रजिस्टरात एक शब्द लिहायचा: "लॉस्ट." पान उलटायचं.

त्या शब्दाचा साहेबांना भयंकर राग. "लॉस्ट म्हंजे काय? छत्री हाय का? माणूस कुठंतरी असतंयच की. आपल्याला ठाऊक न्हाई एवढंच."

दर वर्षी हिवाळ्यात हा उलटा बाण जाड होतो, हे त्यांनी जुनी रजिस्टरं लावून काढलं होतं. जतच्या बाजूची माणसं दसरा-दिवाळीला कोयते बांधून ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गोळ्या महिन्याच्या मिळायच्या. महिन्यानं कारखान्यावरून जतला, जतवरून सांगलीला कोण येणार? मुकादम सुट्टी देत नाही. गोळ्या संपतात, माणूस तिसऱ्या गोलात, आणि विषाणू पुन्हा वर.

साहेबांचं म्हणणं, तोडीला निघण्याआधीच तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या आणि जिथं जाणार तिथल्या जवळच्या केंद्राची चिठ्ठीही द्या. "नवी शंभर शिबिरं घेण्यापरास हा एक बाण बारीक करा. गणित सांगतंय, मी न्हाई."

यासाठी त्यांना बैठकीत पाच मिनिटं मिळाली. ती मिळवायला त्यांना किती अर्ज करावे लागले ते मी पाहिलं होतं. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. पांढऱ्या फळ्यावर चार गोल काढले, बाण काढले, उलटा बाण गिरवून गिरवून जाड केला. पाच मिनिटांत त्यांचं बोलणं दुसऱ्या गोलापर्यंतच पोचलं. "पुरे आता," मोठे साहेब म्हणाले. थोरवत साहेबांनी फळा पुसायला घेतला. पुसला जाईना. त्यांनी पुसला न जाणारा मार्कर वापरला होता. पाणी लावलं, लॅबमधून स्पिरिट आणलं, शेवटी नादच सोडला. मग त्याच फळ्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडला आणि पुढचे दोन तास आम्ही सगळ्यांनी औषधसाठ्याचे तक्ते चार गोलांतून पाहिले. प्रत्येक तक्त्याच्या पोटातून तो जाड उलटा बाण गेलेला.

दोन तास बाण पाहून मोठे साहेब थकले असावेत. निघताना म्हणाले, "करा. ते गोळ्यांचं एका जत तालुक्यात करा. मी वर बोलतो. पण फळा नवा आणा."

मग थोरवत साहेबांनी जो सपाटा लावला! कोणत्या टोळ्या कुठल्या कारखान्याला जातात ते विचारून घेतलं, प्रत्येक ठिकाणाजवळचं केंद्र शोधलं, तिथं फोन करून करून तिथल्या लोकांना वैताग आणला. चिठ्ठ्या मी लिहिल्या. दसऱ्याआधी बाकावर गर्दी झाली, गोळ्यांच्या पिशव्या दिल्या आणि माणसं तोडीला गेली.

पाडव्यानंतर परत यायला लागली. किती आली ते मी सांगत नाही, आकडा सांगायचा हक्क साहेबांचा. पण दर वर्षीसारखी रिकामी रजिस्टरं नव्हती, एवढं मला कळत होतं. साहेब दारातच उभे राहत. कुणी ओळखीचं आत आलं की टिचकी वाजवून म्हणत, "चौथा!" बिचाऱ्या माणसाला वाटायचं, आपला नंबर चौथा आहे.

जी आली नाहीत त्यांना फोन करायचं काम यंदापासून माझं. यादीत सुमन होती. तिशीतली बाई, नवरा गेलेला, एक मुलगी. मुलगी पोटात असतानाच सुमनचं निदान झालं, वेळेवर औषधं मिळाली आणि मुलीला लागण झाली नाही. आता ती शाळेत जाते. अशा बाईनं न येणं मला लागलं. तिचा फोन बंद होता. कार्डावर "संपर्क व्यक्ती" असा रकाना असतो. तिथं लिहिलं होतं, मामा. नंबर होता. मी दुपारी ऑफिसच्या फोनवरून तो लावला.

माझ्या मागच्या टेबलावर फोन वाजला.

"हॅलो," थोरवत साहेब म्हणाले. आवाज मला एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात खोलीतून आला. "कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

"मी कोण?"

"मागं बघा."

त्यांनी मागं पाहिलं. मग फोनकडं पाहिलं. मग हळूच तो खाली ठेवला आणि एक फाईल उघडून वाचू लागले. फाईल उलटी होती.

मी उठून कपाटातली कार्डं काढली. गर्दीच्या दिवशी फॉर्म भरायला ते मला मदत करत, आणि मी या जागेवर येण्याआधी काही महिने तर ते एकटेच भरत होते. एक एक कार्ड बघत गेले. नंबर तोच. कुठं मामा, कुठं चुलता, कुठं थोरला भाऊ. एका ठिकाणी सासरा.

"सासरे कधी झालात?"

"ती बाई म्हणाली, मामा लिवू नका. तिचा मामा तिला लय मारायचा." ते फाईलमधून तोंड न काढता म्हणाले. "मग सासरा लिवलं."

"आणि बाकीचे?"

"आवं मॅडम, मी काय करणार? कुणाचं नाव देऊ म्हणून रडत बसायच्या बाया. घरी फोन गेला तर घराबाहेर काढतील म्हणायच्या. आणि त्यो रकाना मोकळा ठेवला तर कॉम्प्युटर पुढचं पान उघडत न्हाई. बाहेर रांग लागलेली. काय तरी टाकायला नको?"

"कुठलाही नंबर टाकायचा होतात."

"खोटा आकडा?" ते खरोखर दुखावले. "मी खोटा आकडा कवा घातला न्हाई."

मला हसू येईना. इतकी वर्षं या खोलीत मी माणसांचं ऐकत होते आणि माझ्या मागच्या टेबलावर हा माणूस कुणाकुणाचा मामा होऊन बसला होता, हे मला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फोन आला की ते डबा झाकून जिन्याखाली जात. आम्हाला वाटायचं, गावाकडची शेतीची भांडणं असतील.

"सुमनचं काय?" मी विचारलं.

"परवा तिनंच दुसऱ्याच्या फोनवरनं केलता. सोमवारी येती म्हणाली. येती म्हणाली म्हंजे येईल."

सोमवारी ती आली. बारीक झालेली, पायात धुळीच्या चपला. तिची टोळी कारखाना बदलून कर्नाटकात गेली होती. चिठ्ठीवरचं केंद्र मागं राहिलं. गोळ्या संपल्या. सुरुवातीला काही झालं नाही, म्हणून तिला वाटलं चालतंय.

"परत आल्यावर लगेच का नाही आलीस?" मी विचारलं.

तिनं पायातल्या चपला बाकाखाली सरकवल्या. मग म्हणाली, "तुमी वरडाल म्हणून."

मी ओरडते, हे खरं आहे. दमलेली असते, बाक भरलेला असतो, आणि गोळ्या सोडून आलेल्या माणसाला पहिलं वाक्य मी "का सोडल्या?" असंच विचारते. मला वाटायचं तो माझा कळवळा आहे. बाकावरून तो कसा ऐकू येतो, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

थोरवत साहेबांना गप्प बसवेना. त्यांनी स्टूल ओढलं, कागद घेतला आणि चार गोल काढले. "हे बघ, सुमन. तू हितं होतीस. लय भारी जागा. आता हितं आलीस. एवढंच झालंय. परत गोळ्या घ्यायच्या, रक्त तपासायचं, परत हितं जायचं. वाट हाय." मग त्यांनी उलट्या बाणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: वरडणं.

सुमननं कागद नीट पाहिला. बोटानं एक एक गोल शिवला.

"मामा, ह्यात तुमी कुठं हाय?"

"मी? मी न्हाई ह्यात."

"मग कुठं?"

"मी बाहेर. मी काढणारा."

"एकटंच?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "रक्त द्यायचं हाय ना तुला? लॅब बंद व्हईल, चल ऊठ," असं म्हणून ते तिच्या आधीच बाहेर निघाले.

त्यानंतर वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मोठे साहेब म्हणाले, थोरवतांनी आयुष्यभर आकड्यांची सेवा केली. थोरवत साहेबांनी शाल पांघरून घेतली, नारळ मांडीवर ठेवला आणि चार शब्द बोलायला सांगितल्यावर म्हणाले, "यंदा दसरा लवकर हाय. गोळ्यांची मागणी आत्ताच पाठवा." आणि बसले. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आकडे आता मीच भरते. दसऱ्याआधी पिशव्या बांधतो, चिठ्ठ्या लिहितो, आता जतशिवाय आणखी एका तालुक्यात. बाकावर कुणी उशिरा आलेलं दिसलं की मी आधी पाणी देते. नेहमी जमतंच असं नाही.

परवा एका कागदावर त्यांची सही राहिली होती म्हणून मी दुपारी माधवनगरला गेले. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दार उघडंच होतं. साहेब खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर फोन, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली.

त्यांनी सही केली. कागदाच्या मागं काही काढलं नाही. मी विचारलं, "गावाकडं जात नाही का? भाऊ बोलावतात म्हणाला होतात."

"बोलावतोय की. पण तिथं रेंज न्हाई, मॅडम. ओढ्यापाशी यावं लागतं, तवा एक दांडी दिसती. कुणी फोन केला तर?"

"येतात फोन?"

"येतात. म्हंजे यायचे." त्यांनी फोन उचलून त्यावरची धूळ बाहीनं पुसली. "सुमनचा आलता मागं. तिचं रक्त चांगलं आलं, पोरगी सहावीत गेली. दुसऱ्या एकीचा आलता. त्याला झाले काय दिवस. आता येत न्हाईत फारसे."

मी सही केलेला कागद पिशवीत ठेवला.

"चांगलंच हाय की," तेच म्हणाले. "माणूस फोन कवा करतंय? अडलं की. फोन न्हाई म्हंजे गोळ्या मिळत्यात, घरी बरं चाललंय, कुणाचं काय अडलेलं न्हाई. हेच पायजे हुतं आपल्याला."

"हो," मी म्हणाले.

"चांगलंच हाय," ते पुन्हा म्हणाले, आणि बटण दाबून फोनचा उजेड लागतो का ते पाहिलं. लागला. त्यांनी तो परत स्टुलावर ठेवला, आपल्याला दिसेल असा.

मी जायला उठले होते. बस दिसतही होती, गल्लीच्या तोंडाला उभी. मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा बसले.